बाभळीतला पाहुणा

बिदर आणि कलबुर्गी यांना जोडणारी आगगाडी २०१७ साली सुरू झाली. हिवाळ्यात त्या वाटेने जाताना बिदरचा तांबडा जांभा मागे पडतो आणि हुमनाबादच्या पुढे तुरीची काळी राने लागतात. बांधाबांधावर बाभळी. या सीमेवरच्या गावांत मराठी आणि कानडी एकाच ओसरीवर ऐकू येतात, ती गोडी निराळीच; परंतु आज सांगावयाचे आहे ते बाभळीतल्या एका पाहुण्याविषयी.

चिमणीहून लहान, मातकट रंगाचा, क्षणभर एका फांदीवर न ठरणारा हा पक्षी म्हणजे वटवट्या. थंडी पडू लागली की त्याच्या काही जाती मध्य आशियातून दख्खनमध्ये उतरतात. त्यांतील एकीस कर्नल साइक्स यांचे नाव आहे. दख्खनच्या पक्ष्यांची त्यांची यादी १८३२ साली प्रसिद्ध झाली. या जाती एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या की जाणत्यांचीही फसगत होते. म्हणून एखादा वटवट्या आपला मुलूख सोडून भलतीकडे दिसला असे कोणी म्हटले, की अभ्यासक प्रथम पुरावा मागतात. पाहणाऱ्यास याचा राग येतो, आणि तो आम्हांस समजतोही. तरीही पुराव्याचे मोल काय असते ते पाहावे.

१८६७ च्या नोव्हेंबरात ह्यूमसाहेबांनी सतलजच्या खोऱ्यात रामपूरजवळ मोठ्या चोचीचा एक वटवट्या मिळविला. (१८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच.) तसा दुसरा पक्षी पुढे कोणास ओळखता आला नाही, ही निराळी जात नव्हेच, असेही कित्येकांनी म्हटले. परंतु त्याचे कातडे स्थळ व दिनांकासह जपून ठेवलेले होते. २००२ साली त्याच्या आनुवंशिक तपासणीवरून ही स्वतंत्र जात असल्याचे सिद्ध झाले. मग २७ मार्च २००६ रोजी, म्हणजे ह्यूमनंतर तब्बल १३८ वर्षांहून अधिक काळाने, थायलंडात फिलिप राउंड यांच्या जाळ्यात तसाच जिवंत पक्षी आला! त्यांनी त्याची पिसे तपासणीस पाठविली, पाखरू सोडून दिले. पाठोपाठ इंग्लंडमधील ट्रिंगच्या संग्रहालयात, दुसऱ्याच जातीच्या खणात, एक जुना नमुना निघाला. पुढे अफगाणिस्तानच्या वाखान भागात या पक्ष्यांची वीण होत असल्याचेही आढळले.

तेव्हा कारंजा धरणाच्या काठी किंवा चिंचोळीच्या अभयारण्यात अनोळखी वटवट्या दिसलाच, तर दिवस, वेळ, जागा आणि झाड तेथल्या तेथे लिहून ठेवावे. घरच्या मुलांपैकी कोणाजवळ मोबाइल असेल तर त्यावर आवाज मुद्रित करावा; यांची ओळख पटविण्यास रंगापेक्षा आवाजाचा उपयोग अधिक. चोच आणि शेपटी दिसेल असे बाजूने छायाचित्र घ्यावे, अस्पष्ट आले तरी टाकू नये. आणि जेथे खात्री नसेल तेथे ‘बहुधा’ असे लिहिण्यास लाजू नये.