चळतीच्या टोकाचा रुपया

चांदीचा जुना रुपया विकायला आणणारा माणूस बहुतेक वेळा तो आधी घासून आणतो. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. चांदी काळी पडली की उजळायची, हे आपण सगळेच लहानपणापासून पाहत आलो. दिवाळीच्या तोंडावर चिंच, आमसूल किंवा चिमूटभर रांगोळी घेऊन घरातली बाई बसते आणि निरांजन, अत्तरदाणी, कुंकवाचा करंडा यांच्याबरोबर देव्हाऱ्यातले राणीछाप रुपयेही त्याच ताटात पडतात. अशा पन्नास-साठ दिवाळ्या झाल्या की व्हिक्टोरियाच्या गालावर बारीक ओरखड्यांचं जाळं उठतं, केसांच्या वेण्या सपाट होतात आणि रुपया चकचकीत तरीही निर्जीव दिसू लागतो. मी शोधतो तो रुपया याच्या उलट असतो. पेटीत ठेवला, कोणीतरी विसरलं आणि दोन पिढ्या कोणाचा हात लागला नाही, असा.

अशा रुपयावर कधी कधी रंग चढलेले असतात. कडेला जांभळा, आत किरमिजी, मध्ये सोनेरी. संग्राहक त्याला ‘टोनिंग’ म्हणतात, आणि मी अनेक वर्षं त्याच्याच मागे आहे. हा रंग म्हणजे काळं पडण्याचीच सुरुवातीची अवस्था. हवेत, कागदात, लोकरीत, रबरात थोडंफार गंधक असतं. ते चांदीशी संयोग पावतं आणि पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरू लागतो. हा थर नॅनोमीटरमध्ये मोजण्याइतका पातळ असेपर्यंत प्रकाश त्यातून आरपार जातो. थराच्या वरून परतलेले किरण आणि खालच्या धातूवरून परतलेले किरण एकमेकांत मिसळतात, त्यात काही रंग मरतात आणि उरलेले आपल्याला दिसतात. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर पेट्रोल सांडलं की जे दिसतं, तेच इथे धातूवर घडतं. नाण्याला रंगद्रव्य असं काही लागलेलंच नसतं.

थर वाढतो तसा रंग बदलतो, आणि तोही ठरलेल्या क्रमाने. आधी फिकट सोनेरी, मग तांबूस पिवळा, किरमिजी, जांभळा, निळा. पुढे एकदा फिकटपणा येतो आणि दुसरी फेरी सुरू होते, तीत पिवळा, गुलाबी आणि हिरवा दिसतो. सगळ्यात शेवटी काळा. हा क्रम ज्याला पाठ आहे त्याला फसवणं अवघड जातं.

जुन्या घरांत रुपये मोकळे टाकून ठेवत नसत. त्यांच्या चळती रचत, चळतीला कापड किंवा चोपडीचा जाड कागद गुंडाळत आणि ती पेटीत आडवी ठेवत. चळतीतल्या मधल्या रुपयांना हवा मिळते ती फक्त कडेने, म्हणून त्यांचे रंग कडेपासून आत वर्तुळाकार सरकतात आणि मधला भाग टांकसाळीतून आला तसा पांढरा राहतो. टोकाच्या रुपयाची मात्र एक अख्खी बाजू वर्षानुवर्षं कापडाला लागून असते. ती बाजू पूर्ण रंगते, दुसरी कोरी राहते. म्हणून कोणी पेटी उघडायला बोलावलं तर मी पहिली विनंती एकच करतो: रुपये ओतू नका. एकदा ढीग झाला की कोणता कुठे होता हे कळत नाही, आणि चांदीवर चांदी आपटून जे वळ उठतात ते कायमचे.

कोणत्या रुपयावर रंग चढतो, हेही पाहावं लागतं. 1835 पासून कंपनीचा आणि पुढे राणीचा, राजाचा रुपया एक तोळा वजनाचा, म्हणजे 180 ग्रेन, सुमारे 11.66 ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबं. या मिश्रणावर सुंदर रंग उठतात. दुसऱ्या महायुद्धात, 1940 मध्ये, चांदी निम्म्यावर आली आणि तांब्याबरोबर निकेल व जस्त शिरलं. ते रुपये मळकट करडे होऊन बसतात. त्यांच्याकडून रंगाची अपेक्षा ठेवू नये. 1862 हे साल छापलेले रुपये पुढे 1874 पर्यंत पाडले जात होते, त्यामुळे ते दिसतात पुष्कळ, पण व्यवहारात न फिरलेला मिळणं मुश्किल. एडवर्डचे रुपये 1903 ते 1910 मधले. त्यांवरचा राजा मुकुटाशिवाय आहे, आणि त्याच्या उघड्या कपाळावर व गालावर रंग फार मोकळेपणाने पसरतो. माझा ओढा तिकडे अधिक आहे, हे सांगून टाकतो.

पण गोष्ट सांगायची तर ती पाचव्या जॉर्जच्या 1918 ते 1920 च्या रुपयांची. पहिल्या महायुद्धात लोकांचा कागदी नोटांवरचा विश्वास उडाला. जो तो नोट देऊन रुपये मागू लागला आणि सरकारी तिजोरीतली चांदी आटत चालली. तेव्हा अमेरिकेच्या काँग्रेसने 23 एप्रिल 1918 रोजी पिटमन कायदा केला. 27 कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले गेले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिशांना विकली गेली, ती हिंदुस्थानातल्या रुपयांसाठी. मुंबईच्या आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत त्या वर्षांत जे रुपये पडले, त्यांत हे डॉलर विरघळलेले आहेत. खेड्यातल्या म्हातारीच्या कशातून निघालेला 1919 चा रुपया हातात घेतला की मला नेवाडातल्या खाणी आठवतात. हे जरा अति होतं, मान्य आहे.

जे डॉलर त्या भट्टीतून वाचले, त्यांतले पुष्कळ अमेरिकी सरकारच्या तळघरांत हजार-हजारांच्या कॅनव्हासच्या पिशव्यांत दशकानुदशकं पडून राहिले. आज जगात सर्वांत जास्त नावाजली जाणारी रंगीत नाणी त्याच पिशव्यांतली. पिशवीला लागून असलेल्या डॉलरवर कापडाच्या विणीचा ठसा रंगात उमटतो. दोन डॉलर एकमेकांवर अर्धे सरकून बसले असतील तर झाकलेला भाग पांढरा राहतो आणि उघड्या भागावर रंगांची चंद्रकोर दिसते. रेनो शहरातल्या लाव्हेअर रेडफील्ड नावाच्या एका धनिकाने तर आपल्या घरात चार लाखांवर डॉलर साठवले होते. त्याच्या मृत्यूनंतर 1976 मध्ये तो साठा 73 लाख डॉलरना एकगठ्ठा विकला गेला. आपल्याकडे असे साठे नाहीत. आपली डबोली लहान असतात. कोणाच्या मुलीच्या लग्नासाठी बाजूला टाकलेले, कोणाच्या गहाणवटीतले, वीस, पन्नास, फार तर दोनशे रुपये.

जमिनीतून निघालेल्या हंड्याबद्दल लोक मोठ्या उत्सुकतेने विचारतात. माझं उत्तर त्यांना आवडत नाही. पुरलेल्या चांदीवर देखणे रंग सहसा मिळत नाहीत. मातीतले क्षार आणि ओल तांबं बाहेर ओढतात, त्याचं हिरवं कवच बसतं, चांदीचं क्लोराइड होतं, आणि ते काढलं की खाली खड्डे पडलेला पृष्ठभाग हाती येतो. अभ्यासकासाठी तो हंडा अमोल आहे, कारण त्यातल्या सगळ्यात अलीकडच्या नाण्यावरून पुरल्याचा काळ ठरतो. पण त्यासाठी तो अख्खा पाहायला मिळायला हवा. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत किंवा भिंतीत दडवलेलं दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. त्यातला एखादा रुपया ‘आमच्या आजीचा’ म्हणून माझ्यासमोर ठेवला गेला, तर मी उठून येतो.

आता बनावट रंगांविषयी. रंगीत नाण्याला दुप्पट-तिप्पट दाम मिळतो हे कळल्यापासून बाजारात इंद्रधनुष्यांचा पूर आला आहे. गंधकाचा धूर, पोटॅशियम सल्फाइडचं पाणी, भट्टीची धग, अगदी उकडलेल्या अंड्याबरोबर डब्यात कोंडणं, असे प्रकार चालतात. अमेरिकेतल्या ग्रेडिंग संस्था अशी नाणी ‘रंग संशयास्पद’ असा शेरा मारून परत करतात. ओळखायला एकच दिव्याचा उजेड, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि सवड पुरते. सोनेरीच्या शेजारी एकदम गडद निळा आला आणि मधले टप्पे गायब असले, तर क्रम मोडला आहे. ओरखड्याच्या आतही रंग तितकाच ताजा असेल, तर घासल्यानंतर रंगवलेलं आहे. झिजलेल्या रुपयाच्या उंच भागांवर, राजाच्या दाढीवर, कानावर, झळझळीत निळा असेल तर ठेवून द्यावा. फिरलेल्या नाण्याचे उंच भाग बोटांनी पुसले जातात, रंग टिकतो तो अक्षरांच्या आडोशाला.

खरं सांगायचं तर मी रंग सगळ्यात शेवटी पाहतो. नाणं दिव्याखाली कलतं केलं की टांकसाळीची मूळ झळाळी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरायला हवी. रंगाखाली ती फिरत असेल तर पृष्ठभाग अस्सल. रंग भरपूर आहे पण खाली सगळं मेलेलं आहे, असं असेल तर एकतर नाणं आधी धुतलेलं आहे किंवा थर इतका जाड झाला आहे की धातूच खाल्ला गेला. फिक्या सोनेरी छटेचा, झळाळी जिवंत असलेला रुपया मला भडक इंद्रधनुष्यापेक्षा मोलाचा वाटतो. विक्रेत्यांना हे पटत नाही, आणि त्यात माझा फायदाच आहे.

सांभाळणं फार कटकटीचं नाही. मऊ पीव्हीसीची पाकिटं नकोत, त्यातून हिरवट चिकट द्रव सुटतो आणि चांदी खातो. रबरबँड अजिबात नको, त्याच्या गंधकाची काळी रेघ नाण्यावर कायमची बसते. नाणं कडेने धरावं. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि ती वेळोवेळी बदलावी. कोकणात तर ठेवावीच. रंग पुढे सरकतच असतो. दमट हवेत तो वेगाने सरकतो, कोरड्यात हळू.

घरच्या पेटीत जुने रुपये निघाले तर एवढं करा. धुऊ नका, पुसू नका, रांगोळी लावू नका, सराफाकडे उजळायला देऊ नका. चळत जशी आहे तशी ठेवा, सालं वाचा आणि मोडीत घालण्याआधी एखाद्या जाणत्या संग्राहकाला दाखवा. पूजेला हवे असतील तर आधीच घासलेले दोन रुपये वेगळे काढा. बाकीच्यांना हात लावू नका.