दारं धरणारा

माझा बाप आयुष्यभर दारं धरत आला. सूतगिरणीतल्या दोस्तांना वाटतं, वॉचमन असंल. तसं नव्हं. उसाच्या सरीत पाणी सोडायचं, सरी भरली की फावड्यानं दार मोडायचं, पुढचं धरायचं. रात्रभर. थंडीत पाय बधिर होतात, सापाचं भ्या येगळंच.

आमचं गाव श्रीरामपूर. प्रवरेच्या पाटावर पोसलेलं. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. अन् १९२७ ला महाडला बाबासाहेबांना ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. ह्या दोन तारखा मी वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवल्यात.

आवर्तन सुटलं की पेठेचा चेहराच बदलतो. खतवाला, डिझेलवाला, कापडवाला, सगळे उधारीच्या वह्या उघडतात. ऊस उभा म्हणजे पैसा उभा. आय एकदा गोडं तेल उधार मागायला गेली. दुकानदार म्हणाला, "तुमचा ऊस किती?"

"निम्म्या शिवाराला ह्यांनीच पाणी पाजलंय," आय म्हणाली.

तो हसला. वही मिटली. सातबाऱ्यावर दारं धरणाऱ्याचं नाव चढत नसतं.

आणि आपलंही सांगतो. बीडकडचे कोयते येतात, उचल फेडत ऊस तोडतात. त्यांच्याकडनं शेळीसाठी वाढ्याची पेंढी घेताना आम्हीही घासाघीस करायचो. हेही लिहिलं पायजे.

परवा बापाचा फोन आला. मी रातपाळीला निघालो होतो.

"पाट आलाय. चार रात्रीचं काम हाय."

"आता पुरं कर की."

गप्प राहिला. मग म्हणाला, "गिरणीत ऊब असती का रं?"

"असती," म्हणालो.