मागून ठोकलेली गाडी

जुनं डिझेल इंजिन घ्यायला निघालं की मामा इंजिनाकडे नंतर बघतात. गाडी भंगारात आली कशानं, हे आधी विचारतात. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये झाली आणि त्यांचा हिशेब सरळ आहे. तेल पिऊन, धूर ओकून, मालकाला नकोशी होऊन आलेल्या गाडीचं इंजिन घेऊन आपण काय करणार? तिचा मालक काही खुळा नव्हता. घ्यायचं तर चालता चालता अपघातात सापडलेल्या गाडीचं घ्यावं, कारण ठोकर बसेपर्यंत तिचं इंजिन कामावर असतं. ऐकायला हे जरा निष्ठुर वाटतं. भंगाराच्या आवारात उभं राहिल्यावर पटतं.

आमची इंडिका २००६ सालची, बाबांनी घेतलेली. टाटांनी ही गाडी डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात आणली आणि २०१८ मध्ये ती बंद झाली. मधल्या काळात आमच्याकडे लग्नाची वरात असो की दवाखान्याची धावपळ, दारात इंडिकाच उभी असायची. १४०५ सीसीचं चार सिलिंडरचं साधं डिझेल इंजिन, कुठल्याही गावातल्या मिस्त्रीला उघडता येईल असं. २०२१ मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा पुन्हा पासिंग करून घेतलं, पर्यावरण कर भरला. त्यानंतर आंबा घाटात वॉटर पंप फुटला, इंजिन तापलं आणि पुढे ते डिझेलच्या बरोबरीनं ऑईल पिऊ लागलं. मागे निळा धूर, पुढे ब्रीदरच्या नळीतून वाफारा.

कोल्हापुरात इंजिनाची माणसं कमी नाहीत. उद्यमनगरात बोअर घेणारे, क्रँक घासणारे, पंप-नोझलवाले सगळे हाकेच्या अंतरावर. पण आमचा ब्लॉक बाबांच्या हयातीतच एकदा बोअर झाला होता आणि आता तापून हेडही वाकलं होतं. ब्लॉकला स्लीव्ह घालायच्या, नवे पिस्टन-रिंगा, क्रँकचं काम, दुसरं हेड, असा सगळा हिशेब मामांनी पाकिटाच्या पाठीवर मांडला आणि पेन खिशात ठेवलं. "एवढ्यात दोन इंजिनं येतील," म्हणाले. "यार्डात जाऊ."

यार्ड हायवेलगत, पत्र्याच्या कुंपणाआड. आत गाड्या एकीवर एक रचलेल्या, एका कोपऱ्यात दारं, दुसऱ्यात सीट, आणि शेडमध्ये ओळीनं मांडलेली सुटी इंजिनं. ही सुटी इंजिनं स्वस्त पडतात. मामांनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. गाडीतून उतरवलेल्या इंजिनाची हकीकत आपल्याला विकणाराच सांगणार. गाडीत बसलेल्या इंजिनाची हकीकत गाडीच सांगते.

यार्डात तीन इंडिका होत्या. पहिली पिवळ्या पाटीची, टॅक्सी पासिंगची. बॉनेट उघडलं तर इंजिन लख्ख. मला बरं वाटलं, मामांनी तोंड वाकडं केलं. "धुतलंय कशाला?" इंजिन कुठल्या सीलमधून झिरपतंय, कुठल्या गॅस्केटशी ओलं आहे, हे त्याच्या अंगावरच्या धुळीत आणि तेलाच्या ओघळांत लिहिलेलं असतं. धुतलं की पाटी कोरी. ऑईलचं झाकण काढलं तर आतून डांबरासारखा थर.

दुसरी चंदेरी, अंगावर ओरखडा नाही आणि किंमत सगळ्यात कमी. मामांनी एअर फिल्टरचा डबा उघडला. फिल्टरवर वाळलेल्या गाळाचा पातळ, एकसारखा थर होता. ही जुलै २०२१ च्या पुरातली गाडी. पंचगंगेचं पाणी त्या वर्षी पुन्हा चढलं होतं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता, आणि बुडालेल्या गाड्यांची रांग पुढे कितीतरी महिने गॅरेजमधून यार्डाकडे सरकत होती. अशा डिझेल इंजिनात अडचण काय, तर पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. या जातीच्या इंजिनात हवा वीस-बावीस पट दाबली जाते. तिच्या जागी पाणी शिरलं तर वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी चढताना गाडी बंद असेल तर रॉड वाचतो, पण उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून आत गेलेलं पाणी तसंच साचून राहिलं, तर रिंगा गंजून बोअरला धरतात. "चालू असताना पाण्यात घातली, का दारात उभी बुडाली?" मामांनी विचारलं. यार्डवाल्या चाचांना ते माहीत नव्हतं. मामा पुढे सरकले.

तिसरी पांढरी. तिला कागलच्या बाजूला ट्रकनं मागून ठोकलं होतं. डिकी चेपून मागच्या सीटला टेकलेली, काचेचा चुरा अजून खाली पडलेला, आणि पुढचे दिवे मात्र दोन्ही शाबूत. सीटच्या शिवणीत जोतिबाचा गुलाल होता. मी आत वाकून बघत होते तेवढ्यात चाचा स्वतःहूनच म्हणाले, "मागं कुणी बसलं नव्हतं, ताई." मग मला बॉनेटकडे बघवलं.

अशी गाडी भंगारात का येते, यामागे विम्याचं गणित आहे. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमावाले ती गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. जुन्या गाडीची ही किंमत इतकी उतरलेली असते की डिकी, मागचं दार आणि पत्र्याचं काम एवढ्यानंच ती मर्यादा ओलांडते. इंजिनाचा त्यात काहीच दोष नसतो. मामांच्या नियमाला असा कागदोपत्री आधार आहे, हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

मग तपासणी. डिपस्टिकवरचं ऑईल काळं होतं. डिझेलचं ऑईल काळंच असतं, त्याची काळजी नाही. मामांनी ते दोन बोटांत चोळून कण लागतात का ते पाहिलं. झाकणाच्या आत दुधाळ साका नाही, म्हणजे ऑईलमध्ये पाणी उतरलेलं नाही. रेडिएटरमध्ये हिरवं कूलंट, वर तेलाचा तवंग नाही. मग क्रँकच्या पुलीला गोटी लावून लांब दांडा माझ्या हातात दिला. "फिरव. झटका देऊ नको." दांडा जड होत जाई, पार अडल्यासारखा होई, दाब धरून ठेवी आणि मग आतून बारीक सुस्कारा सोडत पुढे जाई. क्रँकच्या दोन फेऱ्यांत चारही सिलिंडर एकेकदा दाबाला येतात. चारही वेळा हाताला तेवढाच जोर लागला पाहिजे. मामा डोळे मिटून माझ्या खांद्याकडे कान देऊन उभे होते.

हातावर विश्वास होता तरी गेज आणलाच होता. चारही हीटर प्लग काढले, पंपावरच्या सोलेनॉइडची वायर सोडून डिझेल तोडलं, बाहेरून बॅटरी जोडली आणि एकेका भोकात गेज बसवून सेल्फ मारला. २८, २९, २८, २८ किलो. आकडा थोडा इकडेतिकडे चालतो. चौघांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचा दाब एकदम कमी आला असता तर हेड गॅस्केटचा संशय आला असता.

एवढ्यावरही मामा पैसे द्यायला तयार नव्हते. मागच्या धडकेत टाकी गेली होती, म्हणून प्लॅस्टिकच्या कॅनमधून नळी थेट पंपाला जोडली. लाइनमधली एअर काढली, हीटर दिला आणि सेल्फ मारला. आधी पांढऱ्या धुराचा लोट, एक-दोन सिलिंडरचं अडखळणं, मग चारही एका सुरात. इंजिन चालू असतानाच मामांनी ऑईलचं झाकण काढलं आणि उलटं करून भोकावर नुसतं ठेवलं. रिंगा गेलेल्या असत्या तर पिस्टनखाली उतरलेल्या दाबानं ते उडालं असतं. ते जागच्या जागी थरथरत राहिलं. "घे," मामा म्हणाले.

किमतीची घासाघीस चाचा आणि मामा यांच्यात झाली, त्यात मला कुणी विचारलं नाही. खरा वाद पुढे झाला. यार्डातली पोरं गॅस कटर घेऊन आली. समोरची पट्टी कापायची, वायरी-नळ्या तोडायच्या, साखळी अडकवून ओढायचं, अर्ध्या तासात इंजिन जमिनीवर. मामांनी कटर लांब ठेवायला लावला. इंजिन विकत मिळतं हो, पण त्याचे ब्रॅकेट, फाउंडेशनचे बोल्ट, वाकड्या आकाराचे होज पाइप आणि वायरिंगचे शाबूत कनेक्टर नंतर शोधत बसावे लागतात. शिवाय डिझेलच्या नळ्यांशेजारी ज्योत नको. "आम्ही आमच्या हातानं काढतो," मामांनी सांगितलं. चाचांनी पोरांना दुसऱ्या गाडीकडे पाठवलं.

बॅटरी बाजूला, पाणी आणि ऑईल खाली, बॉनेट उतरवलं, रेडिएटर काढला. प्रत्येक कनेक्टरवर मी चिकटपट्टी लावून नंबर टाकत होते आणि फोनवर फोटो घेत होते. मामांना फोटोचा भरवसा नव्हता. काढलेला प्रत्येक बोल्ट ते त्याच्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवत. पंपाच्या आणि नोझलच्या उघड्या तोंडांना मात्र त्यांनी सगळ्यात जास्त जपलं. या पंपातले भाग इतके बारीक मापात बसवलेले असतात की डोळ्याला न दिसणारा कणही त्यांना ओरबाडतो. तिथे चिंधीही चालत नाही, तिचा धागा सुटतो. प्लॅस्टिकचे तुकडे आणि रबरबँड लावून तोंडं बंद केली.

सायलेन्सरच्या जोडाचे नट गंजून एकजीव झाले होते. त्यांच्यावर गंज सोडवणारं तेल मारून आम्ही तेवढ्या वेळात एक्सलकडे वळलो. खालचा बॉल जॉइंट सोडला, हब बाहेर ओढला, पहारीनं हलकासा टेका दिल्यावर एक्सल गिअरबॉक्समधून निसटला आणि गिअर ऑईलची धार मामांच्या बाहीवर. नटांपैकी एक शेवटपर्यंत सुटला नाही. त्याचा स्टड तुटला, तो पुढे टर्नरकडे ड्रिल करून काढून घेतला.

शेवटी तिपाई उभी करून चेन पुली लावली. इंजिनाला उचलायच्या कड्या असतात, साखळी त्यांतच अडकवायची. एका अंगाला गिअरबॉक्सचं वजन असल्यामुळे साखळीची लांबी कमीजास्त करून तोल साधावा लागतो. साखळीला ताण आला तेव्हा कुठे मामांनी फाउंडेशनचे बोल्ट सोडले. तोवर सोडायचे नसतात, नाहीतर सगळा भार एका बाजूला येतो. इंजिन वीतभर उचललं आणि अडलं. मी साखळी आणखी ओढणार तोच मामांनी हात धरला. ओढून सुटत नाही ते कुठेतरी बांधलेलं असतं. टॉर्च मारून पाहिलं तर गिअरबॉक्सपासून बॉडीकडे जाणारी तांब्याची अर्थिंगची पट्टी. ती सुटली आणि इंजिन सरळ वर आलं. लोंबकळत्या इंजिनाखाली हात घालायचा नाही, पाय तर नाहीच, हे मामा पोरांनाही ओरडून सांगत होते.

बसवताना घाई केली नाही. इंजिन बाहेर आहे तोवर जे हाताशी येतं ते बदलून टाकावं: टायमिंग बेल्ट आणि त्याचा टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकचे सील, क्लच प्लेट. हे सगळं मिळून इंजिनाच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत जातं. टायमिंग बेल्ट तर जुना ठेवूच नये. चालत्या इंजिनात तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि सगळी खरेदी पाण्यात.

कागदाचं काम राहिलं. आरसी पुस्तकात इंजिन नंबर असतो, म्हणून इंजिन बदललं की आरटीओत अर्ज करून तो बदलून घ्यावा लागतो. विमा कंपनीलाही कळवावं लागतं. नाहीतर उद्या गाडी पकडली तर इंजिन चोरीचं नाही हे सिद्ध करणं आपल्यावर. चाचांच्या पावतीवर इंजिन नंबर आणि मूळ गाडीचा नंबर लिहून घेतला होता, जुन्या आरसीची प्रत आणि विम्याचा निकालही होता. ब्लॉकवरचा ठोकलेला नंबर तेलात बुडाला होता. तिथे डिझेलचं फडकं मारलं, कागद ठेवून पेन्सिल घासली, आणि एकेक अंक पांढरा उमटत गेला. पावतीशी जुळवून पाहिल्यावरच ट्रकवाल्याला इंजिन चढवायला सांगितलं होतं.

आता इंडिका घाट चढते, ऑईल पीत नाही. मामांच्या हुकमानं पहिलं ऑईल पाचशे किलोमीटरलाच बदललं. आमचं जुनं इंजिन चाचांनी वजनावर घेतलं. त्याचा सेल्फ आणि डायनामो मात्र मामांनी आधीच काढून माळ्यावर ठेवले होते. परवा त्यांचा फोन आला. यार्डात समोरून ठोकलेली एक इंडिका आली आहे, तिची डिकी आणि मागचे दिवे नव्यासारखे आहेत, सांगून ठेवू का? आपली डिकी काय वाईट आहे, मी विचारलं. "आज न्हाई," मामा म्हणाले, "पण हायवेवर ट्रक हायतच की."