पाथमधला पहिला मान

कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स मशीनचा रूट पासवर्ड सिस्टिम अ‍ॅडमिनकडेच असायचा. मशीनवरचं पायथन जुनं, आणि आम्हाला हवी ती लायब्ररी नव्याच आवृत्तीवर चालणारी. मग सोर्सचा टारबॉल उतरवायचा, कॉन्फिगरला प्रीफिक्स म्हणून आपली होम डिरेक्टरी द्यायची, मेक, मेक इन्स्टॉल. शेवटी बॅशआरसीत एक ओळ: पाथमध्ये आपला बिन फोल्डर सगळ्यांच्या आधी. शेल पाथमधले फोल्डर डावीकडून उजवीकडे धुंडाळतो आणि पहिलं सापडेल ते चालवतो. नवं टर्मिनल उघडून ‘विच पायथन’ विचारलं आणि आपल्याच होमचा पत्ता आला, की काय हायसं वाटायचं!

लायब्ऱ्यांसाठी एलडी लायब्ररी पाथ वेगळा, मोड्यूलसाठी पायथनपाथ वेगळा. त्यात पायथनपाथ सगळ्या आवृत्त्यांना सामायिक. एकीसाठी कंपाइल केलेलं मोड्यूल दुसरीच्या हाती लागलं की गोंधळ ठरलेला. सिस्टिमच्या पायथनला मात्र हात लावायचा नाही, हे सीनियर पहिल्याच दिवशी बजावायचे. रेड हॅट, फेडोरावरचं तेव्हाचं पॅकेज मॅनेजर यम पायथनमध्येच लिहिलेलं. ते पायथन बदललं की यम बंद, आणि दुरुस्तीला लागणारं पॅकेजही यमनेच आणायचं. म्हणून आपली प्रत आधी ठेवायची, सिस्टिमची जागच्या जागी राहू द्यायची. त्या शहाणपणाबद्दल मला आजही आदर आहे.

2007 मध्ये वेगळं पायथन एन्व्हायर्नमेंट बनवणारं इयान बिकिंगचं व्हर्च्युअलएन्व्ह आलं, 2012 मध्ये पायथन 3.3 सोबत व्हीएन्व्ह घरचंच झालं. 2023 च्या डेबियन 12 पासून तर पिप सिस्टिमच्या पायथनमध्ये काही टाकायलाच नकार देतो. सीनियरांची ताकीद आता यंत्रच देतं. यूव्ही हे साधन तर हवं ते पायथन स्वतः उतरवून क्षणात एन्व्हायर्नमेंट उभं करतं. हे सुख आम्हाला मिळालं असतं तर किती रात्री वाचल्या असत्या.

पण शोधाचा क्रम आता डोळ्यांआड गेलाय, याची मला खरोखर हळहळ वाटते. नवी मुलं आपल्या फाइलला रँडम डॉट पाय नाव देतात, त्यात रँडम इम्पोर्ट करतात आणि रँडिंट सापडत नाही म्हणून पायथन पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. स्क्रिप्टचा फोल्डर शोधात पहिला येतो, म्हणून त्यांचीच फाइल मूळ मोड्यूलला झाकते. अशा वेळी मी शेजारी बसून त्यांना सिस पाथ प्रिंट करायला लावतो आणि आम्ही तो वरून खाली, एकेक ओळ वाचतो.