देवळातली वजाबाकी

वसईत आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. देवळात जातो, देवळाची घंटा ऐकतो, देवळाच्या सणाला पाहुणे बोलावतो. निर्मळ, नंदाखाल, गास, पापडी, कुठल्याही गावात विचारा. हा शब्द अजून शाबूत आहे. देवळाच्या आतलं-बाहेरचं जे गेलं किंवा जाण्याच्या वाटेवर आहे, त्याची ही नोंद.

लॅटिन

आजीला मराठी वाचता येत नसे, लॅटिन मात्र तोंडपाठ. अर्थ विचारला की म्हणायची, "देवाला कळतं, पुरे." ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली आणि पुढच्या काही वर्षांत मिस्सा, म्हणजे देवळातली मुख्य उपासना, मराठीत आली. लॅटिन गेल्याचं मला दुःख नाही. आजीलाही नव्हतं. लितानीत, म्हणजे संतांची नावं घेत करायच्या प्रार्थनेत, सगळे "आम्हांसाठी विनंती कर" म्हणू लागले, तरी ती शेवटपर्यंत "ओराप्रनोबिस" म्हणत राहिली. तीन शब्दांचा तिनं एकच केला होता.

फादरांची पाठ

वेदी भिंतीला टेकलेली असायची. फादर तिच्याकडे तोंड करून उभे, लोक त्यांच्या मागे. मग वेदी पुढे आली आणि फादर वळले. गावानं त्यांचा चेहरा मिस्सा चालू असताना पहिल्यांदाच नीट पाहिला.

कठडा

वेदी आणि लोक यांच्यामध्ये गुडघाभर उंचीचा. कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घ्यायला त्याच्याशी ओळीनं गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे, जीभ पुढे काढायची. शेजारून येणारा मुलगा हनुवटीखाली ताटली धरायचा. तिचा गारवा गळ्याला लागायचा. आता उभ्या रांगेत हात पुढे करायचा. रांग भराभर सरकते. गुडघेदुखीवाल्यांची सोय झाली, हेही खरं.

कोरडा उपास

कम्युनियन घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. मिस्सा पहाटे असायची ती म्हणूनही. १९५३ साली पाण्याला मुभा मिळाली, १९५७ साली उपास तीन तासांवर आला, १९६४ साली एका तासावर. हा तास कम्युनियनच्या आधीचा, आणि त्यातला बराचसा मिस्सेतच सरतो. घरून चहा घेऊन निघालं तरी नियम मोडत नाही.

डोक्यावरचा पदर

देवळात बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. बायकांची बाजू लाल लुगड्यांनी भरलेली. १९१७ च्या धर्मसंहितेत बाईनं देवळात डोकं झाकावं असं कलम होतं. १९८३ च्या संहितेत ते नाही. कलम गेलं त्याचं बरंच झालं. लुगडं कुणी रद्द केलं नव्हतं. ते नेसणाऱ्या एकेक करून गेल्या. आता मुली लाल लुगडं नेसतात ती स्नेहसंमेलनाच्या नाचात, वेलक्रो लावलेलं.

मात्राक

पवित्र गुरुवारी गौरवगीत झालं की घंटा मुक्या होतात, त्या पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, रात्रीपर्यंत. त्या दोन दिवसांत घंटेऐवजी मात्राक. हातभर लाकडी फळी, दोन्ही अंगांना सैल लोखंडी कड्या. मनगट फिरवलं की खट्-खट्-खट् असा कोरडा, हाडं वाजल्यासारखा आवाज. उत्तम शुक्रवारी दुपारी पोरं ती घेऊन आळीआळीतून धावायची आणि गावाला कळायचं, वेळ झाली. आमच्या देवळातली मात्राक सामानाच्या खोलीत फुलदाण्यांच्या मागे आहे. एक कडी तुटलेली. वेळ आता मोबाइलवर कळते.

घंटेचा दोर

दिवसातून तीनदा, पहाटे, दुपारी, तिन्हीसांजेला देवदूताची प्रार्थना वाजायची. तीन-तीन ठोके तीनदा, मग सलग नऊ. वाडीत पाणी लावणारा माणूस फावडं बाजूला ठेवून डोक्याचं फडकं काढायचा. मयताची घंटा वेगळी, संथ. ती ऐकली की बायका दारात येऊन "कोण?" असं एकमेकींना विचारायच्या. आज बटण दाबलं की घंटा वाजते, आणि "कोण?" याचं उत्तर फोटोसकट व्हॉट्सॲपवर आधीच आलेलं असतं.

घंटा वसईतून जाणं तसं नवं नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हा इथल्या घंटा हत्तींवरून मिरवल्या आणि ठिकठिकाणच्या हिंदू देवळांत टांगल्या गेल्या. नाशकात नारोशंकराच्या देवळावर आहे तिच्यावर १७२१ साल कोरलेलं आहे. देऊळ बदललं, पण वाजायचं काम सुटलं नाही.

पुराण

उपासकाळात घरोघरी गायलं जायचं. फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइश यांचं, १६५९ सालचं, प्रभूच्या दुःखसहनावरचं. भाषा मराठी, लिपी रोमन. मी ते ऐकलेलं नाही. ऐकलेली माणसं माझ्या लहानपणीच म्हातारी होती, आणि त्यांना कुणी गायला सांगितलं नाही. मीही नाही.

क्रूसाजवळची संध्याकाळ

मे महिन्यात आळीच्या क्रूसाला झेंडूच्या माळा, मेणबत्त्या, एक फिडल, लितानी. शेवटी ओंजळीत गरम उकडलेले चणे. चण्यांसाठी इतर धर्मांची पोरंही गुडघे टेकून बसायची आणि उत्तरं आमच्यापेक्षा मोठ्यानं द्यायची. रस्ता रुंद झाला तसा क्रूस कंपाउंडच्या आत गेला. बसायला जागा उरली नाही. चण्यांच्या जागी वेफर्सची पाकिटं आली.

प्रार्थनेचं पुस्तक

आजीचं पुस्तक मूळ जाडीच्या दुप्पट झालं होतं. पानापानांत मयतांच्या स्मरणाची कार्डं: फोटो, दोन तारखा, एक प्रार्थना. तिला वाचता येत नव्हतं. ती कार्डं उलटायची आणि चेहरा बघून एकेकासाठी प्रार्थना करायची. आता गीतांचे शब्द भिंतीवरच्या पडद्यावर येतात. सगळ्यांच्या माना वर आणि हात मोकळे.

मराठी

ही नोंद शेवटी ठेवली आहे.

फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रजानं १६१६ साली गोव्यात मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापलं. मिस्सा मराठीत यायला त्यानंतर साडेतीनशे वर्षं लागली. आली तेव्हा वसई तयार होती. 'सुवार्ता' मासिक १९५५ पासून निघत होतं, गीतं लिहिणारे फादर होते, चाली लावणारे मास्तर होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' लिहिलं आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आता मुलं इंग्रजी शाळेत जातात. त्यांना "दयासागरा" समजावून सांगावं लागतं. त्यांच्यासाठी इंग्रजी मिस्सा सुरू झाली, तिला गर्दी होते. गिटार असतं, मुलं मन लावून गातात. मला त्यांच्यावर रागावता येत नाही. लॅटिन गेलं तेव्हा मी तरी कुठे रडलो होतो?

रविवारी सकाळी सहाची मिस्सा अजून मराठीत होते. बसायला जागा मिळते.