माउंटन बाइक लेहला नेताना

लडाखच्या सायकल मोहिमेची आखणी करताना महाराष्ट्रातले सायकलस्वार खिंडींची उंची, रोज कापायचे अंतर आणि मुक्कामाची गावे यांचा हिशेब अतिशय बारकाईने मांडतात. परंतु ज्या सायकलीवर हा सारा बेत उभा असतो, ती घरापासून लेहपर्यंत कशी पोहोचणार हा प्रश्न बहुधा शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो आणि मग घाईघाईने, स्वस्त काय पडते एवढेच पाहून निकालात काढला जातो. वास्तविक या प्रश्नात दोन परस्परविरोधी गरजा गुंतलेल्या असतात. सायकलीला कमीत कमी हातांतून होणारा प्रवास मानवतो, कारण तिला इजा होते ती प्रामुख्याने एका वाहनातून उतरवून दुसऱ्यात चढवताना; शरीराला मात्र हळूहळू उंची वाढवत नेणारा, वाटेत दोन-तीन मुक्काम असलेला प्रवास मानवतो. जो मार्ग पहिलीला सोयीचा, तो दुसऱ्याला बहुधा जाचक ठरतो. प्रस्तुत लेखक ज्या पुणेकर गटाबरोबर लेहला गेला, त्या गटातील निम्मे सदस्य विमानाने आणि उरलेले रेल्वे व रस्त्याने गेल्यामुळे या दोन्ही गरजांची तुलना एकाच मोहिमेत करता आली.

माउंटन बाइक म्हणजे खडकाळ, कच्च्या वाटांसाठी बनवलेली, रुंद टायरांची आणि पुढच्या चाकाशी (काही प्रकारांत मागेही) धक्के शोषून घेणारी यंत्रणा असलेली सायकल. लेहच्या बाजारात अशा सायकली भाड्याने मिळतात आणि एखाद-दुसऱ्या दिवसाच्या फेरफटक्यासाठी त्या घेण्यात काहीच गैर नाही. परंतु आठवडाभर रोज पाच-सहा तास खोगिरावर काढायचे असतील, तर आपल्या उंचीला बसणारी आणि जिच्या ब्रेकची सवय हाताला झालेली आहे अशी स्वतःची सायकल नेणेच श्रेयस्कर, असे गटातील सर्वांचे मत पडले.

विमानप्रवासात बांधणीला सर्वाधिक महत्त्व असते. नवीन सायकली ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून दुकानात येतात, ते खोके ओळखीचा दुकानदार सहसा फुकट देतो. त्यात सायकल बसवण्यासाठी पुढचे चाक काढावे लागते, हँडल आडवे वळवावे लागते आणि दोन्ही पेडल सोडवावी लागतात. डाव्या पेडलचे आटे उलटे असल्यामुळे ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावरच सुटते, आणि हे ठाऊक नसलेला मनुष्य जोर लावून ते अधिकच घट्ट करून ठेवतो. गिअर बदलणारी मागची यंत्रणा, म्हणजे डिरेलर, ज्या छोट्या धातूच्या पट्टीवर टांगलेली असते तिला हँगर म्हणतात. चौकट वाचावी म्हणून ही पट्टी मुद्दाम मऊ धातूची केलेली असते आणि खोके त्या अंगावर पडले तर तीच प्रथम वाकते. म्हणून डिरेलर सोडवून, बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून चौकटीच्या आतल्या बाजूला बांधावा आणि त्या सायकलीचा एक सुटा हँगर जवळ बाळगावा, कारण प्रत्येक बनावटीचा हँगर वेगळा असतो आणि लेहमध्ये तो मिळेलच असे नाही. तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर ब्रेकच्या दोन पॅडमध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवावा. अन्यथा प्रवासात ब्रेकची मूठ दाबली गेली की पॅड एकमेकांना चिकटतात आणि लेहला पोहोचल्यावर चाकाची तबकडी आत जात नाही.

सायकलीचे स्वतःचे वजन साधारण 13 ते 15 किलो असते. त्यामुळे देशांतर्गत उड्डाणांत सामान्यतः मिळणारी 15 किलो सामानाची मुभा ती एकटीच संपवते आणि उरलेल्या सामानासाठी जादा वजनाचे पैसे आगाऊ भरून ठेवणे हिताचे ठरते. विजेवर चालणारी माउंटन बाइक मात्र प्रवासी विमानातून नेता येत नाही, कारण लिथियम बॅटरीसाठी 160 वॅट-तासांची कमाल मर्यादा आहे आणि अशा सायकलींच्या बॅटऱ्या तिच्या कितीतरी पुढे जातात.

लेहचे विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 3,250 मीटर उंचीवर, चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या सिंधूच्या खोऱ्यात आहे. तेथील धावपट्टी मुळात युद्धकाळाची निकड म्हणून तयार झाली. 24 मे 1948 रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन डाकोटा विमान तेथे प्रथम उतरवले. दुपारी खोऱ्यात वारे सुटतात, म्हणून नागरी उड्डाणे प्रामुख्याने सकाळच्या वेळात उरकली जातात. विरळ हवेत पंखांना उचल आणि इंजिनांना जोर कमी मिळत असल्यामुळे विमानाच्या भारावर मर्यादा येते, आणि सामान अधिक झाले की सायकलीसारखे अवजड खोके मागे ठेवले जाण्याचा संभव असतो. गटातील दोघांच्या सायकली अशाच दिल्लीला राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेहला आल्या. प्रवासी अर्थातच संतापले. परंतु उंचीशी जुळवून घेण्यासाठी त्या दिवशी त्यांना खाटेवरून फारसे उठायचेच नव्हते, त्यामुळे प्रत्यक्षात त्यांचे नुकसान काहीच झाले नाही. विमानाने जाणाऱ्याने लेहमधले पहिले दोन दिवस सायकलीविना धरले, की हा धोका आपोआप निकालात निघतो.

या विश्रांतीची गरज का, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. लेहच्या 3,500 मीटर उंचीवर हवेतले प्राणवायूचे प्रमाण तेच, म्हणजे सुमारे 21 टक्के असते. मात्र हवेचा एकूण दाब समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत साधारण 65 टक्क्यांवर येतो, आणि त्यामुळे प्रत्येक श्वासातून रक्ताला मिळणारा प्राणवायू घटतो. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही उंचीच्या आजाराची पहिली लक्षणे होत. ती दिसत असताना आणखी वर जाणे जिवावर बेतू शकते. बाहेरचा दाब कमी झाल्याचा परिणाम सायकलीवरही होतो: तापमान तेच राहिल्यास मुंबईत भरलेल्या टायरमधला दाब लेहमध्ये मापकावर सुमारे 5 पीएसआयने अधिक दिसतो. 25 ते 30 पीएसआयवर चालवायच्या टायरच्या दृष्टीने हा फरक बराच मोठा असल्याने तेथे हवा पुन्हा मोजून कमी करावी लागते.

रेल्वेने जाणाऱ्यांनी पुण्याहून जम्मूतवीला जाणारी झेलम एक्स्प्रेस निवडली. रेल्वेच्या नियमानुसार डब्यात बरोबर ठेवायची पेटी 100 सेंटिमीटर लांब, 60 सेंटिमीटर रुंद आणि 25 सेंटिमीटर उंच, याहून मोठी चालत नाही. साहजिकच सायकल ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या डब्याला जोडून असलेल्या सामानाच्या कप्प्यात जाते. येथे एक भेद लक्षात घ्यायला हवा. प्रवासी आपल्या तिकिटावर सामान नोंदवतो तेव्हा ते 'लगेज' ठरते आणि त्याच गाडीने जाणे अपेक्षित असते. तिकिटाविना नोंदवलेले सामान 'पार्सल' ठरते आणि जागा नसल्यास ते दुसऱ्या गाडीची वाट पाहत फलाटावर पडून राहू शकते. पार्सल कार्यालयाच्या खिडकीवर हा शब्द स्पष्टपणे उच्चारण्याची आणि पावतीवर तो उतरला आहे की नाही ते तेथेच वाचून पाहण्याची गरज आहे.

पुणे स्टेशनबाहेर सामान शिवून देणारे कारागीर बसतात. त्यांनी सायकलीची चेनकडची बाजू आधी थर्माकोल आणि जुन्या चादरीने झाकली, त्यावर गोणपाट ओढले, दाभणाने सुतळीचे हातभर लांब टाके घातले आणि शेवटी निळ्या शाईत कुंचला बुडवून 'पुणे – जम्मूतवी' असे ठसठशीत लिहिले. चेनची बाजू कोणती हे बाहेरून कळावे म्हणून त्या अंगावर एक बाणही काढून घेण्यात आला. हमालाशी पैसे आधी ठरवून सायकल आपल्या डोळ्यांदेखत आत चढवून घेणे आणि ती आडवी न टाकता भिंतीला टेकवून उभी राहील एवढे पाहणे, इतकेच त्यापुढे प्रवाशाच्या हातात उरते. दोन रात्रींच्या प्रवासात वाटेतल्या प्रत्येक मोठ्या स्थानकावर तो कप्पा उघडतो आणि नवीन सामान आत येते, पण त्याला इलाज नाही.

जम्मू निवडण्याचे खरे कारण मात्र वेगळेच होते. झेलम तेथे संपते, आणि गाडी जेथे संपते तेथे ब्रेक व्हॅन सावकाश रिकामी होते; मधल्या स्थानकावर, उदाहरणार्थ मनालीला जाण्यासाठी अंबाल्याला, उतरायचे झाल्यास काही मिनिटांच्या थांब्यात सायकल शोधून बाहेर काढावी लागते आणि ती इतर बोजांखाली दबलेली असेल तर गाडी तिला घेऊनच पुढे निघून जाते. आडबाजूच्या ठिकाणी सामान न्यायचे असेल तर अंतिम स्थानकाची गाडी पकडावी, हा नियम या प्रवासात सर्वाधिक उपयोगी पडला. 6 जून 2025 रोजी चिनाब पुलाचे आणि कटरा-श्रीनगर रेल्वेचे उद्घाटन झाल्यापासून काश्मीर खोऱ्यापर्यंत रुळांवरून जाता येते. तथापि पुण्याहून येणाऱ्याला वाटेत गाडी बदलावी लागते, म्हणजेच सायकलीला हात लावणाऱ्यांची संख्या वाढते, आणि त्यापेक्षा जम्मूहून थेट जीप केलेली बरी.

जीप ठरवताना टपावर पक्के कॅरियर, म्हणजे सामान बांधण्याची लोखंडी चौकट, आहे की नाही हे गाडी प्रत्यक्ष पाहूनच मान्य करावे. सायकली एकमेकींवर आडव्या रचल्या तर एकीचे पेडल दुसरीच्या स्पोकमध्ये शिरते आणि ब्रेकची तबकडी वाकते. गटाने दोन्ही चाके काढून आत सीटमागे घातली, सायकली उलट्या करून खोगीर आणि हँडल जुन्या गोधडीवर टेकवले आणि दोर चौकटीतून ओवला. तबकडीवरून किंवा ब्रेकच्या नळीवरून दोर जाऊ दिला नाही. दोराखाली सायकलीच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घातल्याने दोर सरकला नाही आणि रंगही खरवडला गेला नाही. जीपवाला प्रत्येक चहाच्या थांब्यावर टपावर चढून गाठी ओढून पाहत असे. अशा चालकाला शेवटी चार पैसे अधिक द्यावेत.

शरीराच्या दृष्टीने जम्मूहून श्रीनगरमार्गे लेहला जाणारा हा रस्ता सर्वांत सौम्य आहे. श्रीनगर सुमारे 1,600 मीटरवर, सोनमर्ग 2,700 मीटरच्या आसपास, त्यापुढे 3,528 मीटरची झोजी ला खिंड, आणि मग रस्ता द्रासवरून पुन्हा उतरत कारगिलला सुमारे 2,700 मीटरवर येतो; तेथे रात्र काढून दुसऱ्या दिवशी 4,108 मीटरची फोटू ला ओलांडली की संध्याकाळी लेह येते. सर्वोच्च ठिकाणी मुक्काम पडत नाही, हे या मार्गाचे वैशिष्ट्य. झोजी लाच्या अरुंद, दरडी कोसळणाऱ्या भागात वाहतूक अनेकदा एका वेळी एकाच दिशेने सोडली जाते आणि तासन्तास खोळंबा होतो. जानेवारी 2025 मध्ये खुला झालेला सोनमर्गचा बोगदा हा त्रास टाळत नाही, कारण तो खिंडीच्या अलीकडेच संपतो. खिंडीखालचा मोठा बोगदा अद्याप पूर्ण व्हायचा आहे.

मनालीचा रस्ता मराठी सायकलस्वारांत अधिक लोकप्रिय आहे, आणि सायकल चालवत जायचे असेल तर तो अधिक देखणाही आहे. उन्हाळी हंगामात हिमाचल परिवहनची दिल्ली-लेह बस केलाँगला मुक्काम करून त्याच रस्त्याने जाते. परंतु वाहनात बसून लेहला पोहोचण्यासाठी हा मार्ग चुकीचा आहे, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. ऑक्टोबर 2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाल्याने रोहतांग खिंड टळली. मात्र बारालाचा ला, लाचुंग ला आणि 5,300 मीटरहून उंच असलेली टांगलांग ला तशाच राहिल्या. शिवाय खासगी गाड्या मुक्कामासाठी थांबतात त्या सरचूची उंची 4,200 मीटरहून अधिक, म्हणजे लेहपेक्षाही जास्त असल्यामुळे, पुण्याहून आलेल्या मनुष्याला दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तेथे झोपवणे ही उंचीच्या आजाराला दिलेली उघड निमंत्रणपत्रिकाच होय.

लेहला पोहोचल्यावरही वाहतुकीचा प्रश्न संपत नाही. सुमारे 5,359 मीटर उंचीच्या खारदुंग ला खिंडीपर्यंत सायकली गाडीने नेऊन तेथून लेहपर्यंतचे सुमारे 40 किलोमीटर उतरत येणे हा तेथील प्रसिद्ध बेत. परंतु मनालीहून किंवा श्रीनगरहून आणलेल्या भाड्याच्या गाडीला प्रवासी लेहपर्यंत सोडता येतात, स्थानिक फेऱ्यांसाठी मात्र स्थानिक टॅक्सीच करावी लागते. तिचे दर हंगामासाठी ठरलेले असल्याने घासाघीस व्यर्थ जाते; सायकलींसाठी कॅरियर असलेली गाडी हवी हे आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवावे.

परतीचा प्रवास मात्र सर्वांनी विमानाने करावा, कारण उतरताना शरीराला मुक्कामांची गरज उरत नाही आणि मग केवळ सायकलीचे हित पाहिले तरी चालते. त्यासाठी रेल्वेने जाणाऱ्यांनीही पुठ्ठ्याचा एक खोका घडी करून, रुंद चिकटपट्टीच्या दोन रिळांसह जीपमध्ये टाकावा, कारण हंगामात लेहच्या दुकानांतले रिकामे खोके परतणारे इतर सायकलस्वार आधीच उचलून नेतात.