तालीआडचं पाणी

आमच्या लहानपणी मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारीला विहिरीचं पाणी कुणी देत नसे. उत्तरा-हस्ताचा पाऊस जमिनीत मुरवायचा आणि त्या ओलीवर मालदांडी काढायची, एवढीच रीत. पेरणीनंतर पाऊस आला तर आला, नाही तर दाणे भरेपर्यंत पीक पोटातल्या ओलीवरच उभं राहायचं. चांगल्या सालात एकरी चार-पाच पोती झाली की घर खूश.

सगळी मदार तालींवर, म्हणजे मातीच्या बांधांवर. उताराला आडव्या, कमरेएवढ्या उंच, एका कडेला दगडी सांडवा. चैत्र-वैशाखात आबा एकेक ताल पायाखालून घालायचे. घुशींची बिळं बुजवायची, खचलेल्या जागी माती ओढायची, सांडव्याचा हललेला दगड पावसाआधी बसवायचा. नांगरट झाली की रानात सारे पडायचे आणि पडेल तो पाऊस त्या त्या साऱ्यातच जिरायचा. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चार हजार लिटर पाणी. पन्नास मिलिमीटरची एक सर वाहून गेली तर दोन लाख लिटर गेलं, शिवाय वरची माती गेली. आबांनी हा हिशेब कधी मांडला नाही, पण ओढ्याला गढूळ पाणी आलेलं दिसलं की त्यांचा जीव तुटायचा.

पाऊस उघडला की ते कुदळीनं हातभर खड्डा घ्यायचे आणि तळची माती मुठीत दाबून बघायचे. वरची ओल खालच्या ओलीला मिळाली असली तरच वापशावर पाभर निघायची. चाड्यावर मूठ आजीची.

मला सगळ्यांत जास्त आठवते ती तिसरी कोळपणी. पेरून दोन महिने होत आलेले, ज्वारी छातीला लागलेली आणि रान भेगाळलेलं. भेगा अशा की आमचा हात कोपरापर्यंत आत जायचा. आत बोटांना गारवा लागायचा. ती ओल भेगांतूनच उडून जाते. म्हणून त्या वेळी दातेरी कोळपं धरायचं. दात वरची माती मोकळी करत, ती भेगांत पडे आणि ओलीची वाट बंद होई. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं जुनी माणसं म्हणत. सोलापूरला १९३३ साली कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं, त्यानंही बांधबंदिस्ती, विरळ पेरणी आणि कोळपणी यांवरच भर दिला.

तेव्हा सगळं सुखाचं होतं असं नाही. १९७२ ला ताली जागेवर होत्या, पण अडवायला पाणीच नव्हतं. आबा-आजी दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. दाणे भरताना ओल संपली तर हातात नुसता कडबा यायचा आणि त्यावर आबांकडे काही इलाज नव्हता.

आज तो इलाज आहे. शेततळ्यात पावसाचं वाहतं पाणी धरून ठेवलं आणि ज्वारी पोटरीत असताना एक पाणी दिलं, तर हातचं पीक जात नाही. बैलांना आठवडा लागायचा ते सारे ट्रॅक्टरचं सारा यंत्र दिवसात पाडतं. खरिपाच्या तूर-सोयाबीनला रुंद वरंबा सरी आली. कमी पावसात सरी पाणी मुरवते, जादा झालं तर बाहेर काढते. हे सगळं आबांच्या हाती असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

पण त्याच ट्रॅक्टरनं ताली सपाट झाल्या. दोन तासं जास्त मिळावीत म्हणून बांध कोरले गेले, वळण सोपं पडतं म्हणून नांगरट उताराच्या दिशेनं होऊ लागली. कितीतरी शेततळी पावसानं भरतच नाहीत. बोअरचं पाणी उपसून त्यांत साठवतात आणि ते उन्हात उडून जातं. जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी वर काढून वाळत घालायचं, याला जलसंधारण म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शेततळं हवंच, पण ते तालीच्या जोडीला. आधी रानाचं पोट भरायचं, मग उरलेलं तळ्यात.

गेल्या उन्हाळ्यात चुलतभावानं हे मनावर घेतलं. सामाईक ताल पुन्हा घालायची तर शेजाऱ्याची संमती हवी, आणि त्या दोघांत बांधावरून जुनी कुरबुर. बैठका झाल्या, आवाज चढले, अखेर शेजारी तयार झाला, कारण वरून येणाऱ्या पाण्यानं त्याचीही तूर दरवर्षी खरवडून जात होती. जेसीबीचं भाडं निम्मं-निम्मं भरलं. सांडवा मात्र हातानंच रचला, आणि त्याचं पाणी शेजाऱ्याच्या तळ्यात सोडायचं ठरलं.